चाळीस नंबर

सोमवार, ४ मे

मॅन्युअल माझ्याच गळ्यात पडलं! पाण्याचे पंप कंट्रोल रूमला जे जे कळवतात ते सगळं – एकूण चौसष्ट इव्हेंट. प्रत्येकाचा नंबर, अर्थ आणि "काय करावे" हा रकाना. खबर देणारा हा सगळा प्रोग्राम ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या माणसाने, आमच्या म्झे ओगोलांनी (म्झे म्हणजे आपलं 'आजोबा') एकट्याने लिहिला. कागदावर एक ओळ नाही. आणि वीस तारखेला नैरोबीत त्यांच्या घशाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणालेत, आवाज जाईल. त्याहून वाईटही होऊ शकतं, पण ते कुणी बोलत नाही.

बुधवार, ६ मे

बावीस लिहून झाले. म्झेंचा आवाज बसलाय, टोमणे शाबूत. "अविनो, व्हॉल्व्ह अडकला तर 'योग्य ती कारवाई करावी' म्हणजे काय? नाचायचं का?"

मांदाझी, तो तळलेला गोड पाव, चहात बुडवून मऊ करून खातात. कोरडी गिळवत नाही. मी न बघितल्यासारखं केलं.

मंगळवार, १२ मे

चाळीस नंबरवर आम्ही अडलो. रोज सकाळी सहाला प्रत्येक पंप तो पाठवतो. अर्थ – "ठीक आहे." बस्स. आमचे मॅनेजर म्बुरू साहेब म्हणाले, "नुसता कचरा. काढून टाका." मी आपलं रकान्यात लिहिलं, "दुर्लक्ष करावे." म्झेंनी पेनाने खोडलं. चक्क रागावले.

बुधवार, १३ मे

आज म्झेंनी कारण सांगितलं. कुजबुजत, थांबत थांबत. नोकरी इथे किसुमूत, बायको फिलिस्ता गावी. ती रोज सहाला मिस्ड कॉल द्यायची. उचलायचा नाही – उचलला तर तिचे पैसे जातात, आणि रोज बोलायचं तरी काय? वाजला म्हणजे ती ठीक. एक दिवस वाजला नाही. हे पहाटेची पहिली मटाटू गाडी पकडून गावी गेले, तर ती गोठ्यापाशी पडलेली. वेळेवर पोचले म्हणून वाचली.

"काही करायचं नाही, पण ऐकायचं. असं लिही, पोरी."

तसंच लिहिलं. खाली जोडलं – सहाला गप्प राहिला तर लगेच निघावे. म्बुरू साहेबांशी भांडले, पण चाळीस नंबर ठेवला.

मंगळवार, १९ मे

चौसष्ट पूर्ण. म्झे आणि फिलिस्तामावशींना बसवर सोडायला गेले. किती काय बोलायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात मी म्हणाले, "डबा आडवा ठेवू नका, सांडेल."

गुरुवार, २१ मे

ऑपरेशन काल झालं असणार. दोघांचेही फोन बंद. वडील गेले तेव्हाही मी इतकी सैरभैर नव्हते.

शुक्रवार, २२ मे

काही कळलं नाही.

शनिवार, २३ मे

सकाळी सहा. म्झेंचा नंबर. एकदा वाजला, बंद झाला. फोनवर हात ठेवून ऐकला. उचलला नाही.