दुसऱ्यांच्या उमेदवारीची वेबसाइट

प्रिय विनी,

हे पत्र फादर डीगन लिहिताहेत, तेव्हा भाषा जरा धुतल्यासारखी वाटली तर समजून घे. मी एक सांगते, त्यांचं पेन थबकतं आणि ते म्हणतात, "बिडी, हे मला लिहवत नाही." मग मी दुसरं सांगते. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू या आजीला "हो नॅन, बरं नॅन" करत राहतेस आणि मागे तुझी बोटं टकटक चालू असतात. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हे मला फार आवडलंय.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या आईने राहत्या ट्रेलरला नवे पडदे लावलेत, इतके झालरीचे की आत बसलं की केकमध्ये बसल्यासारखं वाटतं. टिमोथी काकाची कंबर धरलीय, पण जेवायला बोलावलं की सुटते. आणि बॅरिस्टर होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी तू नव्याने केलेली ती वेबसाइट माझ्या डोक्यातून जात नाही. नाताळात तू ती घेऊन आलीस. अधू नजरेच्या मुलांनाही वापरता यायला हवी, म्हणून फोनच्या आवाजाला ती वाचायला लावलीस आणि मला समोर बसवलंस. "नॅन, जिथे कळणार नाही तिथे हात वर कर," म्हणालीस. आवाज म्हणजे सर्दी झालेला बँकेचा मॅनेजर! पण काम चोख झालंय, पोरी. जुनी वेबसाइट टिमोथीच्या व्हॅनसारखी होती, आत सगळं असायचं आणि हवं ते कधी सापडायचं नाही. आता ज्याच्या घरात कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही (आरोपी म्हणून सोडून; फादर, हेही लिहा), त्या मुलालाही बॅरिस्टरच्या हाताखाली वर्षभराची उमेदवारी कुठे मागायची, मुलाखतीला कोट उसना कुठे मिळतो, प्रवासखर्च कोण देतं, हे पटापट सापडतं. मला अभिमान वाटला. तेव्हा बोलले नाही, कारण तू लगेच फुगतेस.

मग ते पान आलं. वकिलांच्या जुन्या सभागृहातल्या जेवणांचं. ही जेवणं जेवल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नाही, हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी म्हटलं होतं, असं असेल तर आपला टिमोथी आतापर्यंत सरन्यायाधीश व्हायला हवा होता. त्या पानावर आवाज म्हणाला, "बॅरिस्टर आपसात हात मिळवत नाहीत. हात पुढे करू नका. घरच्या सवयी घरी ठेवा." मी हात वर केला. तू विचारलंस, "कळलं नाही का?" मी म्हटलं, "कळलं, म्हणूनच वर केला." तुझा चेहरा असा झाला, जसा त्या पहिल्या जेवणाहून परत आलीस त्या दिवशी झाला होता. ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसून तू सांगितलंस, की पांढऱ्या भुवयांच्या एका म्हाताऱ्यापुढे तू हात केलास आणि अख्खं टेबल हसलं. अगं, आपल्या भटक्या लोकांत हातावर हात पडल्याशिवाय कोंबडीसुद्धा विकली जात नाही. तू दुसरं काय करणार होतीस? पण त्यानंतर तू एकाही मुलाखतीला गेली नाहीस. दरवर्षी म्हणायचीस, "पुढच्या वर्षी बघू." नाताळात मात्र माझ्यावर खेकसलीस, "नॅन, माझं झालं तसं त्यांचं हसं व्हायला नको!" आणि चहा टाकायला उठलीस.

हात मिळवत नाहीत, हे जरूर सांग. पण 'घरच्या सवयी घरी ठेवा' हे पुसून टाक. त्याखाली लिही, की मी हात पुढे केला होता, ते हसले, छत काही कोसळलं नाही, आणि पुढचा पदार्थ आला. तुझं नावही लिही. मग तसं हसं झालेल्या एखाद्या पोराला आपण एकटेच असं वाटणार नाही.

आता खरं ते. तू चहा टाकत होतीस तेव्हा आवाज चालूच होता. बॅरिस्टरची परीक्षा झाल्यावर पाच वर्षांच्या आत उमेदवारी सुरू झाली नाही तर ती परीक्षा बाद धरतात, वेगळी परवानगी मागत बसावं लागतं, असं त्याने वाचलं. अर्ज जानेवारीत, कामाला सुरुवात त्याच वर्षीच्या शरदात. तू आलीस तेव्हा मी घोरत होते. बरं जमलं होतं ना घोरणं? तुझा निकाल लागला त्या आठवड्यात करड्या घोडीला शिंगरू झालं होतं. काल आपले घोडे बघणाऱ्या मार्टिनने त्याचं तोंड उघडून दात दाखवले, वय त्यावरूनच कळतं. या वसंतात त्याला चार पुरी होऊन पाचवं लागेल. म्हणजे हा जानेवारी गेला की पुढच्या अर्जाचं काम सुरू व्हायच्या आधीच तुझी पाच वर्षं संपतात. फादरना पुन्हा मोजायला लावलं, तर ते म्हणाले, "बिडी, दुर्दैवाने बरोबर आहे." इतक्या पोरांना तू दार दाखवलंस, त्यातली किती आत गेली, आणि तू मात्र उंबऱ्यावर उभी राहून पाटी पुसतेयस.

तर ऐक. गुरुवारी फादर मला गाडीने लीड्सला तुझ्या घरी आणून सोडताहेत. त्यांनी आधी नकार दिला, मग माझ्याकडे पाहिलं. पिशवीत सोडा ब्रेड आहे आणि रात्रीचे कपडे. तू अर्ज उघडायचास आणि एकेक उत्तर मला मोठ्याने वाचून दाखवायचंस. माझ्याकडे ढकलून 'तूच बघ' म्हणायची सोय नाही, मला अक्षर येत नाही. जिथे तुझा आवाज खाली जाईल तिथे थांबायचं, ती ओळ पुन्हा लिहायची आणि पुन्हा वाचायची. तू तो पाठवल्याशिवाय मी परत जाणार नाही. तुझा पलंग मला लागेल, तू कोचावर झोप.

तुझीच, गुरुवारी दारात उभी असणारी,
नॅन