आईची अट

९ जानेवारी

संपावर जाणार म्हणे! सकाळी आरोहीचा मेसेज — ‘वी मे स्ट्राइक. डोन्ट पॅनिक.’ असा मेसेज वाचून पॅनिक न होणारी आई अजून जन्माला यायची आहे.

बायकांच्या बास्केटबॉल लीगमधलं तिचं हे नववं वर्ष. मिलवॉकीची टीम. स्टार वगैरे नाही. बेंचवर असते. समोरची एखादी फारच बास्केट टाकायला लागली की तिला अडवायला हिला आत पाठवतात. दर हिवाळ्यात तुर्कस्तानात जाऊन खेळायची, तेव्हा कुठे वर्ष निघायचं. यंदा गेली नाही. खेळाडूंच्या युनियनच्या कमिटीवर निवडून आलीय ना! मालकांशी बोलणी चालू आहेत, पगार बंद.

मी इथे मिशिगनमध्ये, ट्रॉयला. रिटायर्ड. नवरा, शशिकांत, पुण्याला परत गेला त्याला चार वर्षं झाली. भांडण काही नाही — त्याने परतीचं तिकीट काढलं नाही, मी जायचं काढलं नाही.

११ जानेवारी

आज कुणाशीच बोलले नाही. दुकानातसुद्धा सेल्फ-चेकआउट.

१८ जानेवारी

आरोहीचा फोन! आणि चक्क माझा सल्ला विचारायला! ‘आई, तू एवढी वर्षं कंपनीत होतीस. आमच्याकडे चार वर्षांनंतर मिनिमम पगार वाढतच नाही. चौथं वर्ष असो की बारावं — सेम. व्हॉट वुड यू आस्क फॉर?’

मी म्हटलं, यात विचारायचं काय! जितकी वर्षं काम, तितक्या पायऱ्या. दर वर्षी एक पायरी वर. नऊ वर्षं गुडघे झिजवले तर नऊ वर्षांचा पगार द्या म्हणावं.

मग म्हणाली, ‘दॅट्स गुड, आई. मी मांडते.’

दिवसभर हवेत होते. स्वतःच्या एकटीसाठी पुरणपोळी केली. दोन खाल्ल्या, बाकीच्या फ्रीजरमध्ये.

२ फेब्रुवारी

काही कळलं नाही. ‘इन मीटिंग्ज’, एवढंच.

१५ फेब्रुवारी

मॅचेस नाहीत तर घर किती गप्प असतं! हे लिहायला लाज वाटते, पण मला त्या खेळातलं अजून अर्धंच कळतं. मी टीव्ही लावते तो बेंचसाठी. टाइमआउट झाला की कॅमेरा बेंचवरून फिरतो. दोन-तीन सेकंद. तेवढ्यात मी सगळं बघून घेते — बारीक झालीय का, केस कापलेत का, शेजारणीशी हसतेय का. मग ‘छान खेळलीस’ असा मेसेज, खेळलेली नसली तरी. तिचा अंगठा येतो. आमचं संभाषण ते एवढंच, पण ते असतं.

यंदा मे महिन्यात मोसम सुरूच झाला नाही तर मी तिला बघणार कुठे?

६ मार्च

मिटलं! संप नाही! करार झाला!

आणि माझी अट त्यात आहे. दर वर्षाला एक पायरी, अगदी मी सांगितली तशीच. आरोही म्हणाली, कमिटीत सगळ्या तिला ‘द मॉम क्लॉज’ म्हणतात. आईची अट! मालकांनी बाकी प्रत्येक गोष्टीवर दोन-दोन आठवडे घासाघीस केली, या अटीला मात्र एका दुपारीत हो म्हणाले. ‘दे डिडन्ट इव्हन फाइट, आई!’

ऊर भरून आला. शशिकांतला फोन केला. तो झोपला होता.

१४ मार्च

इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याची मीटिंग. हॉलचं भाडं वाढलंय. देवयानी (यंदाची अध्यक्ष) डोकं धरून बसली होती. ‘बजेट फिक्स आहे गं सुनेत्रा, एक डॉलर वर जाता येत नाही. काय कॅन्सल करू?’ मी पटकन म्हटलं, सगळ्यात महाग आणि पानात सगळ्यात कमी लागणारं काय आहे ते काढ. श्रीखंड काढ, जिलबी ठेव. सगळ्यांनी माना डोलावल्या. देवयानी म्हणाली, ‘यार, तू म्हणजे मशीन आहेस.’

गाडीत बसले. किल्ली लावली. आणि हात थांबला.

आरोहीच्या लीगमध्येही तसंच की! प्रत्येक टीमने सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून ठरलेलीच रक्कम खर्चायची. तिला कॅप म्हणतात, तिच्यावर एक डॉलर नाही. स्टार मुलींचे पगार तर द्यावेच लागतात. मग बेंचच्या टोकाला नऊ वर्षांवाली कोण ठेवेल? तिच्या निम्म्या पैशात कॉलेजातून आलेली पोरगी मिळते. आधी दोघी जवळपास सारख्याच पडायच्या. आता माझ्या पायऱ्यांनी आरोही महाग झाली.

श्रीखंड!

म्हणून मालक एका दुपारीत हो म्हणाले. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी एवढी वर्षं कॉस्ट एस्टिमेटर होते. समोरचा घासाघीस न करता हो म्हणाला की मी आकडे परत तपासायची. पोरीच्या वेळी पुरणपोळ्या करत बसले!

आणि मला तरी हे कळायला हवं होतं. मी कुठे आपणहून रिटायर झाले होते? डिपार्टमेंटचं बजेट कापलं, आणि टेबलावर सगळ्यात महाग कोण? सुनेत्रा. माझ्या जागी दोन नवी पोरं घेतली. केक आणला होता, तो मीच कापला. आरोहीला म्हटलं, रिटायर झाले, किती छान! अजूनही तेच सांगते. लाज वाटली होती, दुसरं काय.

१५ मार्च

फोन उचलला, ठेवला. सांगणार काय? तुझी जागा मी घालवली?

१९ मार्च

पाडवा. आरोहीचा फोन, आवाजात नुसता आनंद. बारा वर्षं खेळलेली तिची एक मैत्रीण ढसाढसा रडली म्हणे — पहिल्यांदा तिला तिच्या वर्षांचं काही मिळणार. ‘युवर क्लॉज, आई.’ मी नुसतं ‘हो का, हो का’ करत राहिले. तिने विचारलं, बरी आहेस ना? म्हटलं, सर्दी.

संध्याकाळी मंडळात श्रीखंड नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१२ एप्रिल

ट्रेनिंग कॅम्प सुरू. अठरा जणी, जागा बारा. आकडे कुठूनही मांडले तरी ती बाराव्याच्या खालीच येते.

आणि एक घाण गोष्ट लिहून ठेवते, इथे कोण वाचतंय! काल तिच्या खोलीतली चादर बदलली. जागा गेली तर कदाचित इकडे येईल, या विचाराने. क्षणभर बरं वाटलं मला. पोरीचं करिअर जातंय आणि मी उशीचा अभ्रा शोधतेय!

चादर काढून परत जुनी घातली.

२० एप्रिल

‘लेग्ज टायर्ड. लव्ह यू.’ एवढाच मेसेज. दहा वेळा वाचला.

१ मे

टीममधून कापलं तिला.

दुपारी फोन. आवाज अगदी साधा. ‘आई, दे वेव्ड मी. इट्स ओके.’ मला राहवलं नाही. सगळं भडाभडा सांगून टाकलं. माझी अट, पायऱ्या, मला मार्चमध्येच कळलं होतं, माझ्यामुळे गेली तुझी जागा.

ती हसली! ‘आई, तू फोन ठेवलास त्याच दिवशी मी हिशोब केला होता. कोणाची मुलगी आहे मी?’

मग मांडलीसच का ती अट? मी ओरडलेच.

ती एकेक शब्द जुळवत म्हणाली — ‘कारण तू बरोबर होतीस. आणि तुला काढलं तेव्हा तुझ्यासाठी कोणीच काही मांडलं नाही. तो केक... आय न्यू, आई. मला तेव्हाच माहीत होतं.’



परवा येतेय. गाडी घेऊन, सगळं सामान घेऊन. फोन ठेवताना म्हणाली, ‘आता आपण दोघी रिटायर्ड. किती छान!’