पीपी कॉलची तीन नावं

११ जुलै १९८८, सेलू

घरी फोन येऊन वर्ष झालं. स्टाफरूममध्ये पेढे मागितले, दिले नाहीत. त्याऐवजी फळ्यावर सगळा हिशेब मांडून दाखवला. ऑर्डिनरी ट्रंक कॉल स्वस्त, पण लागेल तेव्हा लागेल. अर्जंट दुप्पट. लाइटनिंग आठपट, म्हणजे कुणी गेलं तरच. आणि शेवटी आपली युक्ती, पीपी. अमक्याच माणसाशी बोलायचं असं सांगून कॉल बुक करायचा. तो माणूस घरी नसला तर बोलण्याचे पैसे लागत नाहीत, नुसता किरकोळ आकार. मग मुळात नसलेल्याच माणसाला बोलवायचं. निरोप नावातच.

थोरली सुनंदा राणीसावरगावला दिलेली. तिथं फोन एकच, पोस्टातला, तोही लाइन धड असली तर. बाकड्यावर अर्धं गाव ऐकत बसलेलं. म्हणून तिला तीन नावं पाठ करून दिलीत. मोरेश्वर आहेत का, म्हणजे सगळं ठीक. दिगंबर, म्हणजे आजारपण, पत्र मागून येतंय. काशिनाथ, म्हणजे सणाला न्यायला या. आपण इकडून सांगायचं, बाहेरगावी गेलेत. संपलं.

सगळे खूष. दोघातिघांनी वहीत उतरवून घेतलं. फक्त विज्ञानाच्या वाघमारे सरांनी नाही. त्यांची मुलगी औरंगाबादला होस्टेलवर, नामांतराच्या गडबडीत यांचा जीव टांगलेला, दर शनिवारी पोस्टात जाऊन पूर्ण तीन मिनिटं बोलतात. म्हणाले, "सर, मला निरोप नको, पोरीचा आवाज पाहिजे." खर्चिक माणूस, असं मी मागून बोललो. हशा पिकला.

१९ जुलै

मोरेश्वर आले. म्हणजे ठीक.

३० जुलै

पाऊस. वर्गात गळतंय. सु.चा फोन नाही. ही दोनदा म्हणाली, "लाइन खराब आसंल." मग स्वतःच म्हणाली, "का बोलूच देत न्हाईत पोरीला." मी पेपर तपासत बसलो.

चैत्रात आली होती तेव्हा सु.नं आईला सांगितलं होतं, जावई हात उचलतात. पाठ दाखवली म्हणे. मला हिनं सांगितलं. मी काय म्हणालो ते इथं लिहून ठेवतो: धाकट्या वसूचं लग्न जमू दे, मग बघू. आणि चार दिवसांनी सु.ला गाडीत बसवून दिलं.

६ ऑगस्ट

जिंतूरची मंडळी वसूला बघून गेली. मुलगा बँकेत. वसू आवडली असं तोंडावरून दिसलं. मुलाच्या वडिलांनी जाता जाता विचारलं, "थोरलीचं कसं काय?" म्हणालो, "एकदम मजेत. परवाच फोन होता." ही आत कपबशा विसळत होती. विसळण्याचा आवाज थांबला.

९ ऑगस्ट

साडेतीनला रिंग. एक्स्चेंजमधल्या बाई म्हणाल्या, "सर, राणीसावरगावहून पीपी आहे. सुनंदा आहेत का घरी?"

मी विचारलं, कोण?

"सुनंदा. सुनंदा आहेत का, असं विचारतायत."

मी म्हणालो, नाही. सुनंदा इथं नाही.

कट.

हिला सांगितलं, पोरगी घोटाळली, मोरेश्वर म्हणायचं तर स्वतःचंच नाव सांगून बसली.

१० ऑगस्ट

मी शाळेला निघालो तर ही दारात उभी. "घोटाळली न्हाई ती. घरात तिला जागा हाय का इचारलं लेकीनं. अन् तुमी न्हाई म्हनले."

मी म्हणालो, मला काय माहीत. तीन नावं ठरलेली होती.

हे खोटं आहे. वहीत तरी खरं लिहू. बाईंनी नाव दुसऱ्यांदा घेतलं तेव्हाच मला कळलं होतं. मधे क्षणभर वेळ होता. त्या वेळात मला जिंतूर आठवलं, बँकेतला मुलगा आठवला, लोक काय म्हणतील ते आठवलं. मग 'नाही' म्हणालो. सवयीनं नाही, समजून.

तीन नावं मी ठरवली. मला घेऊन जा, कायमची, यासाठी एक नाव ठेवावं हे सुचलं नाही असंही नाही. ठेवलंच नाही. नाव नसलं की निरोप येणार नाही, असं काहीतरी डोक्यात असेल. गणिताचा मास्तर.

लाज वाटते. जेवण गेलं नाही.

११ ऑगस्ट

ड्रॉइंगचे सर कौतुकानं सांगत आले, तुमची युक्ती सासुरवाडीला लावून दिली, काय डोकं आहे सर तुमचं. पाठीवर थाप. वाघमारे सर शेजारी डबा खात होते. त्यांच्याकडे बघवलं नाही.

१२ ऑगस्ट

राणीसावरगावला अर्जंट बुक केला, सु.च्या नावानं. दोन तासांनी एक्स्चेंजच्या बाई म्हणाल्या, "लाइन बंद आहे सर." मग, "परवाचा कॉल... त्या ताई नाव सांगताना रडायलत्या ओ. मला वाटलं तुमी वळखून घ्याल." मी कॅन्सल करा म्हणालो. गावात आता ही एक बाई अशी आहे की जिला सगळं माहीत आहे, आणि तिचा आवाज रोज माझ्या घरात येणार.

१४ ऑगस्ट

शाळेला सुट्टी. पहाटेच्या गाडीनं परभणी, तिथून गंगाखेड, पुढं एसटी. वाटेत पक्कं ठरवलं होतं, चल म्हणायचं. बॅग रिकामी नेली होती, तिचे कपडे बसावेत म्हणून.

सु.च्या सासूबाई ओट्यावर. "पंचमीला न्यायला आलाव का? औंदा जमायचं न्हाई बगा, खुरपनी चालू हाय."

मी म्हणालो, "नाही नाही, सहज आलो."

सहज. सेलूहून राणीसावरगावला सहज.

सु.नं पाणी आणून दिलं. वाळलीय. डाव्या कानामागं काळंनिळं, पदर तिथंच धरून होती. जावई शेतावर. निघताना दाराशी दोन मिनिटं मिळाली. हळू विचारलं, "मंगळवारी फोन केलतास का?"

म्हणाली, "केलता बाबा. लागला न्हाई."

माझी लाज राखली तिनं. मी तिची राखली नाही. बॅग तशीच रिकामी परत आणली.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. मुलांपुढं चार शब्द बोलायची पाळी माझी होती. बोललो. घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं, कानामागचंही. ही रडली नाही. लुगड्याच्या दोन घड्या, शिदोरी, तिच्या भावाला निरोप. "मी आन्ते लेकीला. तुमी बसा फोनपाशी."

मी म्हणालो, मीही येतो.

"तुमी काल जाऊन आलाव की."

१६ ऑगस्ट

भावाबरोबर गेली. कुणी अडवलं तर? पोलीस पाटलाकडं जाऊ म्हणत होता मेव्हणा. शाळेत मन नाही. मधल्या सुट्टीत वाघमारे सरांना बाजूला घेऊन सांगितलं. युक्तीचं, फोनचं, सगळंच. वाटलं होतं, मला बोल लावतील. म्हणाले, "आणताय ना? मग ठीक." आणि तासाला निघून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

१७ ऑगस्ट

पंचमी. गल्लीतल्या लेकी आल्यात, झोके बांधलेत. हिचा काही निरोप नाही.

दुपारी जिंतूरला अर्जंट बुक केला. तासाभरात लागला. मुलाच्या वडिलांना सांगितलं: तुम्ही आला होता तेव्हा मी खोटं बोललो. थोरलीचं ठीक नाही, मारहाण होते, तिची आई तिला कायमची आणायला गेलीय. तुम्हाला आधी कळावं. तिकडून, "विचार करून कळवतो." आवाज बदललेला होता. दोष देता येत नाही, त्यांच्या जागी मी असतो तर माझाही बदलला असता.

फोन ठेवून वळलो तर वसू मागं उभी. सगळं ऐकलेलं. मी म्हणालो, "बाळ, तुझं मोडेल बहुतेक."

म्हणाली, "मोडू द्या. पण ताई आली तर तिला काय सांगनार तुमी? लाइन खराब होती म्हून?"

ठरत नाही. दोनदा मनात वाक्य जुळवलं, दोन्ही वेळा त्यात कुठून तरी वसूचं लग्न येतं, माझा नाइलाज येतो. तसलं नको. मुळात ती येतेय की नाही तेही माहीत नाही. परभणीहून इकडची संध्याकाळची गाडी आता सुटली असेल.