आम्लावर पाणी

दि. ४ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाचीला शाळेने काम दिलंय: घरातल्या मोठ्यांना विज्ञानातला आवडता धडा विचारून आणायचा. मी लोहचुंबक सांगितलं. तुझे भावजी म्हणाले, मधली सुट्टी. तुझं उत्तर मला ठाऊक आहे. लिटमसचे कागद खिशात घेऊन घरभर फिरायचास, माझे अश्रूसुद्धा तपासले होतेस. तरी तिला चार ओळी मामाच्याच हातच्या हव्यात.

तुमच्या कारखान्यात अपघात झाल्याचं कानावर आलं. तू मात्र अवाक्षर लिहीत नाहीस. जीव टांगणीला लागलाय.

माया आहेच, ती कागदावरही उतरू दे.
तुझी ताई

दि. ११ जुलै

ति. ताईस सा. न.

भाचीला सांग, आम्ल हळूहळू पाण्यात ओतावं. आम्लावर पाणी कधीच ओतू नये. सरांनी हे माझ्याकडून वर्गापुढे तीनदा म्हणवून घेतलं होतं.

धातूला मुलामा देण्याच्या आमच्या खात्यात त्या दिवशी साहेबांना घाई होती. त्यांनी पैलवानाला आम्लाच्या पिंपात पाण्याची नळी सोडायला सांगितली. पैलवान म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना कामगार, शाळेची पायरी न चढलेला. मी दहा पावलांवर होतो. तोंड उघडलंही. पण आदल्याच आठवड्यात साहेबांनी मला अतिशहाणा म्हणून चारचौघांत झापलं होतं. मी तोंड मिटलं. पिंप उसळलं. तिसऱ्या दिवशी पैलवान गेला.

आता चौकशी आहे. त्याने आपल्या मनाने नळी सोडली, असं साहेबांना माझ्याकडून लिहून हवंय. नाही दिलं तर नोकरी जाईल. इकडे हिला सातवा लागलाय. काय करू?

आशीर्वादाला पारखा करू नकोस.
धाकटा

दि. १५ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडू नकोस. बाळंतपणाला तिला इकडे पाठव. तुझे भावजीही हेच म्हणतात.

ताई

दि. २ ऑगस्ट

ति. ताईस सा. न.

चौकशीत खरं ते सांगितलं, मी गप्प उभा होतो हेसुद्धा. साहेबांना घरी बसवलं, चार दिवसांनी मलाही.

काल पैलवानाच्या घरी गेलो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, की भावजी, एक हाक मारायला कितीसा वेळ लागला असता. मी उंबऱ्यातच उभा राहिलो, तेव्हा त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

ही परवाच्या गाडीने येतेय. तिला यातलं काही विचारू नकोस.

जमलं तर लोभ ठेव.
धाकटा