वहीत लिहिलेलं ‘बसून’

गुरुवार, संध्याकाळ. बोरिवली.

आईला जाऊन महिना झाला, तिच्यासाठी चर्चमधली मिस्सा काल झाली. आज तिच्या मनगटाचा पट्टा दवाखान्यात परत द्यायला गेलो. पार्किन्सनमुळे हात किती थरथरतो ते पट्टा मोजायचा, आणि त्या वेळी आई काय करत होती ते मी वहीत लिहायचो.

तिथल्या मुलीने वही चाळली. “रोज संध्याकाळी सात वाजता कंप एवढा वाढलाय आणि तुम्ही नुसतं ‘बसून’ लिहिलंय. खरंच काही करत नव्हत्या?”

“काही नाही. रोझरी म्हणायची.”

“म्हणजे बोटांनी मणी ओढत?” ती थांबली. “अहो काका, मग ते लिहायचं ना! पट्ट्याने ती हालचालच कंप म्हणून धरली असेल.”

रोझरीला आमच्या घरी सगळे बसतात. ते काही करणं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पट्ट्याचा आलेख आणि माझी वही बघूनच डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी वाढवली होती. मग चक्कर सुरू झाली, आणि चक्कर येऊनच आई मोरीत पडली. पुन्हा उठलीच नाही.

“गोळीमुळेच का?” मी विचारलं.

“ते डॉक्टरच सांगतील,” ती हळूच म्हणाली. डॉक्टरांना विचारायला मी थांबलो नाही. का थांबलो नाही?

‘बसून.’ पानापानावर माझंच अक्षर.

आई सांगत होती, “अरे, रोझरीच्या वेळी माझा हात बरा असतो.” आणि मी तिला म्हणालो होतो, “आई, मशीनला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.”