लेमुराले माती दिली

मोनालीच्या बाबाले मनकर्णाचा नमस्कार.

मादागास्करात आमी दोघी बऱ्या आहो. जंगलात फोन लागत नाही म्हणून लिहून राहिली. मिरचीले पाणी देता न?

पोरगी ज्याइच्यामागं जंगलात फिरते, ते लेमूर आपल्या वानरावानीच दिसतात. कोट्यवधी वर्षांमागं वाहत्या झाडांवर बसून समुद्रातून आले म्हणते, अन् एकाच कुळाच्या शंभर जाती झाल्या. कोणी उंदराएवढं, कोणी गाणं म्हणते. मी म्हटलं, भावकीच झाली.

पण जंगल जळून राहिलं. मोनाली ज्या जातीचा अभ्यास करते, त्यातलं इथं उरलेलं एकच लेमूर परवा मेलं. आपल्या पातुरात वानराले देतो, तशी मी त्याले हळदकुंकू लावून माती दिली.

पोरगी चिडली. "आई, मले ते तपासाचं होतं. काहून पुरलं?"

"मग उघड्यावर टाकू काय?"

कुदळ घेऊन काढाले गेली अन् तिथंच रडत बसली. काढलं नाही. तवापासून धड जेवत नाही. घरी चल म्हटलं, तर म्हणते, "बाकीच्या जाती मरतीन तवा कोणीतरी पाहाले पायजे."

याचं उत्तर तुमाले सुचलं तर लवकर लिहा, तिले दाखवीन.

मनकर्णा