पाणी वाढलं, पण कुठे

ती. आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींच्या गच्चीवरची वांगी शेजारचं मांजर अजून उकरतंय का? (मांजराची बाजू मी मागेच घेतली होती, ती कायम आहे.) आम्ही इकडे बरे आहोत.

लिहायचं निमित्त असं, की मी या वयात इंग्रजी ऐकायला बसलो. बोलायला नव्हे, नुसतं ऐकायला. आमच्या पंपघरात शिफ्ट-प्रमुखाच्या जागेसाठी तशी परीक्षा ठेवली. इअरफोन लावायचे, एक बाई सावकाश काहीतरी सांगतात आणि मग तेच आपल्याला विचारतात. (तू शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवताना हेच केलंस, म्हणून तुला नवल वाटणार नाही.) सरावाला दिलेले धडे सगळे पर्यावरणाचे. आधी मधमाश्या गेल्या, मग जंगल, मग बर्फ. बाईंचा आवाज असा, की कोणी वारल्याचं कळवायला आल्यात. शब्द कळत नव्हते, पण वाईट वाटत होतं. ‘वेस्ट’चा धडा मी पश्चिम दिशा समजून ऐकला, तिकडे एवढी घाण का, हे दोन दिवस उलगडेना. शेवटी भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, “अहो, कचरा म्हणतायत त्या.”

मग गेल्या मंगळवारी, दुपारच्या पाळीत, सातवा धडा लावला आणि पहिल्यांदाच सगळं समजलं. पाणी वाढतंय, रोज वाढतंय, आत्ताच काही केलं नाही तर घरं बुडतील. एकतीस वर्षं ज्याने टाकीची पातळी सांभाळली, त्याने हे ऐकून काय करावं? मी उठलो, दोन्ही पंप बंद केले आणि भोंगा दिला. (इअरफोन कानातच असल्यामुळे तो किती मोठा वाजला ते मला कळलं नाही.) अर्ध्या गावाचं पाणी दोन तास गेलं. साहेब धापा टाकत आले.

“कुठे वाढलं पाणी?”

“समुद्रात,” मी म्हणालो. तोवर धडा पुढे सरकला होता.

त्यांनी लेखी खुलासा मागितला. मी खरं तेच लिहिलं. तो दोनदा वाचून ते म्हणाले, “म्हणजे तुम्हाला समजलं तर.” एवढं कौतुक त्यांनी आजवर कुणाचं केलेलं नाही. परीक्षेत वीसपैकी अकरा मिळाले. जागा दुसऱ्याला गेली.

तुझा,
पंपवाला

ता. क. जागेचं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या निवृत्तीला चारच महिने राहिलेत. खुर्ची गरम व्हायच्या आत उठावं लागलं असतं. खरी गोष्ट अशी, की लेकीची लेक आता साडेचार वर्षांची झाली. फोनवर ती भराभरा इंग्रजी बोलते आणि मी हसतो. मध्यंतरी ती आईला म्हणाली (एवढं बरोबर समजलं), की आजोबांना ऐकू येत नाही.

आणखी एक. काल व्हिडिओ कॉलवर तिने मला बराच वेळ काहीतरी सांगितलं आणि शेवटी काहीतरी विचारलं. मी ‘येस’ म्हणालो. ती टाळ्या पिटत पळून गेली. ते बोलणं मी रेकॉर्ड करून तुझ्या फोनवर पाठवलंय. मी कशाला होकार दिलाय, तेवढं लवकर कळव. बायकोला विचारता आलं असतं, पण सगळं समजलं म्हणून तिला सांगून बसलोय.